फ्रिक्वेन्सी चुकते, सरकते की थरथरते? सिग्नल सोर्स तपासायला शिकताना

क्यूओ-१०० हा हॅम रेडिओवाल्यांना, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना, भूस्थिर कक्षेत मिळालेला पहिला ट्रान्सपाँडर (जमिनीवरून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र). १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या कतारच्या एका दळणवळण उपग्रहावर तो बसवलेला आहे. हा उपग्रह २६ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून पाहिलं तर पश्चिमेला, जरासा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३० अंश वर. डिश तिकडे वळवायची, तिला टीव्हीचा युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा) लावायचा आणि खाली आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) जोडायचं. मधला बीकन (सतत चालू असणारा खुणेचा सिग्नल) १०,४८९.७५० मेगाहर्ट्झवर, एलएनबीचा लोकल ऑसिलेटर (आलेल्या फ्रिक्वेन्सीतून वजा होणारी फ्रिक्वेन्सी आत तयार करणारा भाग) ९,७५० चा, म्हणजे डोंगल ७३९.७५० वर लावलं की बीकन दिसायला हवा.

नवख्या माणसाला तो तिथे दिसत नाही. शंभर-दोनशे किलोहर्ट्झ बाजूला सापडतो. सापडल्यावर एलएनबीवरचं ऊन ढगाआड गेलं की वॉटरफॉलवरची (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चित्रातली) सरळ रेघ तिरकी व्हायला लागते. आणि काही एलएनबींवर ती रेघ रेखीव दिसतच नाही, तिच्या कडा विसविशीत असतात. चुकणं, सरकणं आणि थरथरणं असे हे तीन वेगळे दोष आहेत. तिघांची कारणं वेगळी, मोजायची साधनं वेगळी, उपायही वेगळे. तिघांना मिळून ‘अनस्टेबल आहे’ म्हटलं की पैसे हमखास चुकीच्या वस्तूवर जातात. म्हणून हा लेख या तिघांना वेगवेगळं ओळखायला शिकण्यासाठी आहे. उदाहरणाला बहुतेक वेळा १० मेगाहर्ट्झचा सोर्स (सिग्नल तयार करणारा ऑसिलेटर) घेतलाय, कारण प्रयोगशाळेत आणि हौशी टेबलावर संदर्भ म्हणून तोच सगळ्यात जास्त चालतो.

फरक डोक्यात बसावा म्हणून एक घड्याळ घ्या. रोज बरोबर दोन मिनिटं पुढे जाणारं भिंतीवरचं घड्याळ चुकीचं आहे, पण स्थिर आहे. आठवड्यानं ते किती पुढे असेल हे आजच सांगता येतं. दुसरं घड्याळ कधी एक मिनिट पुढे, कधी तीन मिनिटं मागे असतं. महिन्याच्या सरासरीत ते बरोबर निघेलही, पण त्याचा भरवसा नाही. तिसरा प्रकार म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होणं. काटे बघून ते कळत नाही, पण रेडिओत सगळ्यात चिवट त्रास त्याचाच होतो. फेज नॉइज म्हणजे हे ठोक्यांचं थरथरणं.

सुरुवात गरजेपासून

सोर्स चांगला की वाईट हे विचारण्याआधी ‘किती वेळात?’ हे विचारा. एका तासात, एका सेकंदात की सेकंदाच्या हजाराव्या भागात? उत्तर बदललं की चांगला सोर्स कोणता हेही बदलतं.

एसएसबीवर (रेडिओवर आवाज पाठवायच्या एका पद्धतीवर) गप्पा मारायच्या असतील तर पाच-दहा मिनिटांत फ्रिक्वेन्सी वीस-तीस हर्ट्झहून जास्त सरकू नये, इतकंच पुरतं. डब्ल्यूएसपीआर या अगदी अशक्त सिग्नलसाठीच्या डिजिटल पद्धतीचं एक प्रसारण सुमारे ११० सेकंद चालतं. तेवढ्या वेळात काही हर्ट्झ सरकलं तरी डीकोडर हात टेकतो. शेजारी दणदणीत स्टेशन असताना अशक्त स्टेशन ऐकायचं असेल तर तासाभराच्या स्थिरतेचा उपयोग नाही. तिथे कॅरिअरपासून (मूळ सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीपासून) १०-२० किलोहर्ट्झ दूरचा फेज नॉइज बघावा लागतो. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश मिळून एक दुर्बीण होते. डिश सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत, म्हणून लोकल ऑसिलेटरचा संदर्भ ऑप्टिकल फायबरवरून प्रत्येक डिशपर्यंत पोचवतात. निरीक्षण चालू असेपर्यंत त्या सगळ्यांचा फेज (लहर आपल्या चक्रात कुठवर पोचली ती जागा) एकमेकांशी जुळलेला राहिला नाही, तर ३० डिशची बेरीज करण्यात अर्थ उरत नाही.

एका कागदावर दोन ओळी लिहा: ‘माझी अंतिम फ्रिक्वेन्सी’ आणि ‘मला किती वेळासाठी किती स्थिरता हवी’. या दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढचं काही विकत घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पीपीएमचा आणि गुणाकाराचा हिशोब

एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. १० मेगाहर्ट्झवर ते १० हर्ट्झ होतात आणि ९,७५० मेगाहर्ट्झवर पावणेदहा किलोहर्ट्झ. बऱ्याच पीएलएल एलएनबींत (ज्यांचा ऑसिलेटर एका क्रिस्टलशी जखडलेला असतो) २५ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल असतो आणि त्याला ३९० नं गुणून ९,७५० तयार होतात. हा क्रिस्टल ३० पीपीएमनं चुकला तर बीकन २९२ किलोहर्ट्झ बाजूला जातो. क्यूओ-१०० चा नॅरोबँड ट्रान्सपाँडर सगळा मिळून ५०० किलोहर्ट्झ रुंद आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त ट्रान्सपाँडर इकडचा तिकडे. उलट डोंगलमध्ये एक पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असेल तर ७४० मेगाहर्ट्झवर त्याची चूक ७४० हर्ट्झच्या वर जात नाही. महागडं डोंगल घेऊन जे साधणार नाही ते एलएनबीचा संदर्भ बदलून साधतं, हे या एका हिशोबात दिसतं.

गुणाकारात पीपीएम तोच राहतो, पण फेज नॉइज वाढतो. ‘एन’ पट केल्यावर वाढ २० लॉग एन डेसिबल: दुपटीला ६, दहापटीला २०, आणि ३९० पटीला जवळपास ५२. २५ मेगाहर्ट्झचा संदर्भ १ किलोहर्ट्झ ऑफसेटवर (कॅरिअरपासून तेवढ्या अंतरावर) −१३० डीबीसी प्रति हर्ट्झ (कॅरिअरपेक्षा १३० डेसिबल खाली) असेल, तर त्याच्याशी पक्का जखडलेला ९,७५० चा ऑसिलेटर त्या ऑफसेटवर −७८ च्या पुढे जाऊच शकत नाही, बाकी सर्किट कितीही उत्तम असो. भागाकारात हेच उलटं होतं: नॉइज तितकाच कमी होतो, पण डिव्हायडरचा स्वतःचा नॉइज आडवा येईपर्यंतच.

याच नियमामुळे दोन सोर्सची तुलना करताना दोघांना आधी एकाच फ्रिक्वेन्सीवर आणावं लागतं. १० मेगाहर्ट्झवरचा −१४० आणि १०० मेगाहर्ट्झवरचा −१२० हे एकाच दर्जाचे आकडे आहेत. जाहिरातीत फक्त आकडा असतो, फ्रिक्वेन्सी बारीक अक्षरात असते.

मोजण्याआधी तापू द्या

साधा क्रिस्टल ऑसिलेटर २० ते ५० पीपीएमच्या आत असतो. टीसीएक्सओ तापमानाचा परिणाम भरून काढतो आणि साधारण अर्धा ते अडीच पीपीएममध्ये बसतो. ओसीएक्सओत क्रिस्टल एका छोट्या भट्टीत, ७५-८५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला असतो. क्रिस्टलचा तापमानाचा आलेख जिथे सपाट होतो, नेमका त्या बिंदूवर. म्हणून ओसीएक्सओची भाषा पीपीएमची नसून पीपीबीची, म्हणजे अब्जात एक भागाची असते.

ओसीएक्सओ सुरू केला की तो आधी भरपूर करंट ओढतो. काही मिनिटांनी करंट धपकन खाली येतो आणि स्थिरावतो. तेव्हा भट्टी तापली, एवढंच समजायचं. क्रिस्टल खरा शांत व्हायला काही तास लागतात, आणि बरेच दिवस बंद असलेला असेल तर काही दिवससुद्धा. पहिल्या अर्ध्या तासातल्या मोजणीवरून त्याला नावं ठेवू नयेत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे पंखा. टेबलावर उघडा पडलेला टीसीएक्सओ छताच्या पंख्याखाली दर काही सेकंदांनी थोडा गार, थोडा गरम होतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी त्या तालावर हलते. त्यावर एक पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं तरी आलेख लगेच सुधारतो. मग तोच सोर्स हातात घेऊन उलटा करून बघा. क्रिस्टलवर गुरुत्वाकर्षणाचाही परिणाम होतो. सर्वसाधारण क्रिस्टलला हा परिणाम एका ‘जी’ला अब्जात एक-दोन भाग इतका असतो आणि उलटं केल्यावर फरक दोन ‘जी’चा पडतो. १० मेगाहर्ट्झवर दोन-चार शतांश हर्ट्झची ही उडी पुढच्या पायरीतल्या पद्धतीनं डोळ्यांनी दिसते. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण किंवा कुलिंग फॅनची थरथर क्रिस्टलपर्यंत पोचली की फेज नॉइजच्या आलेखात त्या जागी टोकं का उगवतात, हेही त्यातून कळतं.

जीपीएसच्या पल्सशी तुलना

फ्रिक्वेन्सी मोजायची म्हणजे तिच्याहून चांगल्या कशाशी तरी तुलना करायची. घरात सगळ्यात चांगलं घड्याळ जीपीएस मॉड्यूलमध्ये असतं. निओ-६एम किंवा निओ-एम८ सारख्या स्वस्त मॉड्यूलवर दर सेकंदाला एक पल्स देणारी पीपीएस पिन असते. ही पल्स प्रत्येक वेळी काही दशक नॅनोसेकंदांनी मागेपुढे होते, पण तिची चूक साठत जात नाही. हजार सेकंदांनीही ती तेवढीच राहते. त्यामुळे एका सेकंदात जीपीएस अगदी सामान्य आणि काही तासांत घरातल्या कुठल्याही क्रिस्टलपेक्षा सरस ठरतं.

लागतो फक्त एक ऑसिलोस्कोप. मॉड्यूलचा अँटेना खिडकीत, आकाश दिसेल असा ठेवा आणि फिक्स मिळेपर्यंत (उपग्रहांवरून जागा पक्की होईपर्यंत) थांबा. पीपीएस एका चॅनेलवर देऊन तिच्या चढत्या कडेवर ट्रिगर करा. दुसऱ्या चॅनेलवर १० मेगाहर्ट्झ द्या. टाइमबेस ५० नॅनोसेकंद प्रति डिव्हिजन ठेवा, पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर टिकण्याचा वेळ) थोडा वाढवा. सोर्स तंतोतंत १० मेगाहर्ट्झ असेल तर दर पल्सला साइन वेव्ह त्याच जागी उमटेल, फक्त पल्सच्या जिटरमुळे (मागेपुढे होण्यामुळे) जागच्या जागी थोडी हलेल. सोर्स जरा जलद असेल तर वेव्ह हळूहळू डावीकडे सरकेल, मंद असेल तर उजवीकडे.

आता मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. १० मेगाहर्ट्झची एक सायकल १०० नॅनोसेकंदांची. एक पूर्ण सायकल सरकायला १० सेकंद लागले तर चूक १० पीपीबी, १०० सेकंद लागले तर १ पीपीबी, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर फक्त ०.०१ हर्ट्झ. साध्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर एका सेकंदाच्या गेटनं (मोजायच्या वेळेनं) हा आकडा दिसलाच नसता. तिथे शेवटचा आकडाच एक हर्ट्झचा असतो.

इथे एक फसगत होते, तिच्याकडे लक्ष द्या. दर सेकंदाला एकदाच चित्र निघत असल्यामुळे सोर्स बरोबर १ हर्ट्झ, २ हर्ट्झ किंवा ७ हर्ट्झ चुकलेला असेल तरीही वेव्ह स्थिर दिसते! म्हणून आधी काउंटरनं सोर्स अर्ध्या हर्ट्झच्या आत आणून घ्या, मगच स्कोपकडे वळा. ही पायरी गाळून ‘माझा टीसीएक्सओ ओसीएक्सओइतका अचूक निघाला’ असं सांगणारे बरेच भेटतात.

सरकण्याचा वेग एकसारखा असेल तर ती चूक आहे आणि ट्रिमरनं किंवा कंट्रोल व्होल्टेजनं ती काढता येते. वेग कधी वाढत, कधी कमी होत, कधी उलटत असेल तर दोष स्थिरतेचा आहे. ट्रिमर कितीही फिरवला तरी तो जायचा नाही.

ॲलन डेव्हिएशन: सरकण्याचा हिशोब

डोळ्यांनी पाहिलेलं आकड्यात मांडायची रीत डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये मांडली. नेहमीचं प्रमाण विचलन इथे चालत नाही, कारण क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी हळूहळू भटकत असते आणि जितका जास्त वेळ मोजाल तितकं ते विचलन फुगत जातं, कुठल्या एका आकड्यावर थांबत नाही. ॲलन यांची युक्ती अशी की सगळ्या मोजण्यांची तुलना एका सरासरीशी करायची नाही. प्रत्येक मोजणीची तुलना फक्त तिच्या लगतच्या मोजणीशी करायची.

कृती सोपी आहे. ठरावीक अंतरानं, समजा दर १०० सेकंदांनी, फेजची नोंद घ्या. समजा तीन नोंदी आल्या: ०, ४० आणि ८५ नॅनोसेकंद. तिसरीतून दुसरीची दुप्पट वजा करा आणि पहिली मिळवा: ८५ वजा ८० अधिक ०, म्हणजे ५ नॅनोसेकंद. सोर्स दर १०० सेकंदांना ४० नॅनोसेकंद चुकतोय ही गोष्ट या वजाबाकीत आपोआप गळून गेली. उरलं ते फक्त चुकीतलं चढउतार. अशा सगळ्या त्रिकुटांचे वर्ग करून सरासरी काढा, तिला दोननं आणि अंतराच्या वर्गानं भागा आणि वर्गमूळ घ्या. वरच्या एका त्रिकुटाचं उत्तर साडेतीन गुणिले दहाचा उणे अकरावा घात, म्हणजे ०.०३५ पीपीबी. एका त्रिकुटावर अर्थातच विसंबायचं नाही. ज्या अंतराचा आकडा हवा त्याच्या किमान दहापट, जमल्यास त्याहून बरीच जास्त नोंद हवी. हजार सेकंदांचं उत्तर हवं असेल तर रात्रभर लॉगिंग चालू ठेवा. हे गणित हातानं करायची गरज नाही. टाइमलॅब आणि स्टेबल-३२ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पायथॉनवाल्यांसाठी ॲलनटूल्स आहे.

वेगवेगळ्या अंतरांसाठी हा आकडा काढून दोन्ही अक्ष लॉगरिदमिक ठेवून आलेख काढला की त्याच्या उतारावरून दोष ओळखता येतो. सुरुवातीला आलेख दहापट अंतराला दहापट खाली येत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही सोर्स मोजतच नाही आहात, तुमच्या उपकरणाचा किंवा जीपीएस पल्सचा नॉइज मोजत आहात. आलेख सपाट झाला ती क्रिस्टलच्या फ्लिकर नॉइजची (फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितक्या वाढणाऱ्या नॉइजची) पातळी, म्हणजे त्याची खरी लायकी. त्यापुढे आलेख वर चढू लागला की तापमान आणि वय बोलायला लागलं असं समजा. अंतराच्या सरळ प्रमाणात चढत असेल तर एका दिशेचा ड्रिफ्ट आहे.

जीपीएसनं शिस्त लावलेल्या ऑसिलेटरचं, म्हणजे जीपीएसडीओचं रहस्यही याच आलेखात आहे. पल्सचा ३० नॅनोसेकंदांचा जिटर ३,००० सेकंदांत वाटला की दहाचा उणे अकरावा घात येतो. एका चांगल्या ओसीएक्सओची सपाट पातळी त्याच्या आसपास असेल, तर त्याआधी ओसीएक्सओवर विश्वास ठेवायचा आणि त्यानंतर जीपीएसवर. म्हणून चांगल्या जीपीएसडीओत दुरुस्तीचा लूप अगदी संथ असतो. घाईचा लूप ठेवला तर जीपीएसची थरथर ओसीएक्सओत ओतली जाते आणि सोर्स सुधारण्याऐवजी बिघडतो.

फेज नॉइजचा आकडा वाचताना

सेकंदाहून लहान काळात ॲलनचा आलेख सोडून स्पेक्ट्रमकडे वळायचं. −११० डीबीसी प्रति हर्ट्झ, १० किलोहर्ट्झ ऑफसेटला: याचा अर्थ कॅरिअरपासून १० किलोहर्ट्झ दूर, एक हर्ट्झ रुंदीच्या फटीत, एका बाजूला जेवढा नॉइज आहे तो कॅरिअरपेक्षा ११० डीबी खाली आहे. ऑफसेट सांगितला नसेल तर हा आकडा निरर्थक आहे.

तो त्रास कसा देतो ते बघा. रिसीव्हरच्या लोकल ऑसिलेटरचा नॉइज २० किलोहर्ट्झ ऑफसेटला −१०० आहे. तेवढ्याच अंतरावर एक दणदणीत स्टेशन −३० डीबीएमनं (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) येतंय. तुमचा फिल्टर २,४०० हर्ट्झचा, म्हणजे ३४ डीबी. बेरीज करा: −३०, −१०० आणि +३४ मिळून −९६ डीबीएम. त्या दणदणीत स्टेशनचा सिग्नल स्वतः कितीही स्वच्छ असला तरी तुमच्या ऑसिलेटरच्या नॉइजमुळे तुमच्या फिल्टरमध्ये −९६ डीबीएमचा गोंगाट येऊन बसतो आणि −११० चं अशक्त स्टेशन त्याखाली गाडलं जातं. प्रीॲम्प लावून काही होत नाही, अँटेना मोठा केला तरी दोन्ही सोबतच वाढतात. ऑसिलेटर सुधारणं किंवा तो दणदणीत सिग्नल आधीच गाळणं, एवढेच मार्ग.

स्पेक्ट्रम ॲनालायझरवर मोजायचं असेल तर असं करा. कॅरिअर मध्यभागी आणा, त्याची पातळी लिहून ठेवा; समजा +५ डीबीएम. रिझोल्यूशन बँडविड्थ १ किलोहर्ट्झ ठेवून १० किलोहर्ट्झ दूर नॉइजची सरासरी वाचा, समजा −७५. फरक ८० डीबी. एक हर्ट्झवर आणायला १० लॉग १,००० म्हणजे ३० डीबी आणखी वजा करा, −११० येतं. लॉग स्केलवर सरासरी घेतल्यानं ॲनालायझर नॉइज साधारण दोन डीबी कमी दाखवतो, म्हणून खरं उत्तर −१०८ च्या आसपास. यंत्रात ‘नॉइज मार्कर’ असेल तर ही सगळी दुरुस्ती ते स्वतः करतं. ऑफसेट हा बँडविड्थच्या निदान दहापट ठेवा, नाहीतर कॅरिअरचा फिल्टरमधून दिसणारा पायथाच तुम्ही मोजाल.

आलेखात ५० किंवा १०० हर्ट्झवर उभी टोकं दिसली तर ती मेन्समधून आलेली, सलग नॉइजपेक्षा वेगळी गोष्ट आहे. अशी टोकं बँडविड्थनं भागायची नसतात, ती थेट कॅरिअरच्या किती खाली आहेत एवढंच सांगायचं.

सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे ॲनालायझरचाही एक लोकल ऑसिलेटर असतो आणि त्यालाही फेज नॉइज असतो. खिशात मावणाऱ्या स्वस्त ॲनालायझरवर चांगला ओसीएक्सओ लावला तर दिसतो तो ॲनालायझरचा नॉइज. तपासायची रीत सोपी: एक साधा सिग्नल जनरेटर आणि एक चांगला ओसीएक्सओ लागोपाठ लावा. दोघांचे आलेख हुबेहूब सारखे आले तर तुम्ही यंत्राचाच फोटो काढलाय.

त्यापुढे जायचं असेल तर फेज डिटेक्टरची पद्धत आहे आणि ती घरी जमण्यासारखी आहे. दोन सारखे सोर्स एका डबल-बॅलन्स्ड मिक्सरमध्ये घाला, एकाची फ्रिक्वेन्सी किंचित हलवून बीटचा (दोघांच्या फरकाच्या फ्रिक्वेन्सीचा) शिखर-व्होल्टेज मोजा. तोच तुमचा व्होल्ट प्रति रेडियनचा मापदंड. मग एका सोर्सच्या कंट्रोल व्होल्टेजवर संथ लूप लावून दोघांना ९० अंशांवर धरा. आता कॅरिअर नाहीसा होतो आणि मिक्सरच्या आउटपुटवर उरतो निव्वळ फेजचा नॉइज. लो-पास फिल्टर आणि लो-नॉइज ॲम्प्लिफायरमधून तो साउंडकार्डला द्या आणि एफएफटी (नॉइजचा फ्रिक्वेन्सीनुसार आलेख) बघा. एका बाजूच्या साइडबँडसाठी ३ डीबी वजा, आणि दोन्ही सोर्स समान मानून प्रत्येकाचा वाटा काढायला आणखी ३ डीबी वजा.

नॉइज येतो कुठून

ॲलन यांचा निबंध ज्या महिन्यात, ज्या नियतकालिकात आला, त्याच फेब्रुवारी १९६६ च्या अंकात डेव्हिड लीसन यांचं दोन पानी टिपण आहे. ऑसिलेटरच्या नॉइजचा आकार त्यातून समजतो. रेझोनेटरची (ऑसिलेटरमधल्या एका फ्रिक्वेन्सीला घुमणाऱ्या भागाची) अर्धी बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सी भागिले दोन क्यू, ही सीमा; क्यू म्हणजे रेझोनेटर किती तीक्ष्ण आहे त्याचा आकडा. तिच्या आत शिरलं की नॉइज दर दहापटीला २० डीबीनं, आणि फ्लिकर शिरला की ३० डीबीनं चढतो. १० मेगाहर्ट्झच्या उत्तम क्रिस्टलचा क्यू दहा लाख धरला तर ही सीमा कॅरिअरपासून ५ हर्ट्झवर येते. क्यू १०० असलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या ऑसिलेटरला ती ५० किलोहर्ट्झवर येते. क्रिस्टल जवळच्या ऑफसेटला इतका शांत का असतो, याचं उत्तर एवढंच.

हौशी बांधणीत मात्र रेझोनेटरच्या आधी पॉवर सप्लाय आणि ट्यूनिंगची तार घात करतात. व्हीसीओची (व्होल्टेजनं फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरची) संवेदनशीलता ५० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट आहे असं धरा. ट्यूनिंगच्या तारेवर फक्त १० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ नॉइज असेल तर फ्रिक्वेन्सी अर्ध्या हर्ट्झनं डोलते आणि १० किलोहर्ट्झ ऑफसेटला तिचा फेज नॉइज −८९ येतो. एवढा नॉइज खोलीच्या तापमानाला सहा किलोओहमचा साधा रेझिस्टरसुद्धा देतो! म्हणून लूप फिल्टरमध्ये रेझिस्टर उगाच मोठे ठेवू नयेत, आणि व्हीसीओला मोबाइल चार्जरवरून थेट पुरवठा देऊन मग फेज नॉइजची तक्रार करू नये. आधी बॅटरीवर चालवून बघा. आलेख खाली आला तर सोर्स निर्दोष आहे, सप्लाय बदला.

काय घ्यावं, काय विचारावं

नवख्यानं सुरुवात जुन्या, उपकरणांतून काढलेल्या १० मेगाहर्ट्झ ओसीएक्सओनं करावी असं माझं ठाम मत आहे. जवळच्या ऑफसेटला तो इतका चांगला असतो की पुढची बरीच वर्षं तुमची साधनंच तोकडी पडतील. सोबत एक जीपीएस मॉड्यूल, म्हणजे चूक वेळोवेळी काढता येते. एलएनबीसाठी या संदर्भावरून २५ मेगाहर्ट्झ तयार करून आतल्या क्रिस्टलच्या जागी द्यावे, मात्र ज्या सिंथेसायझर मॉड्यूलनं ते तयार कराल त्याचा नॉइजही ५२ डीबीनं वाढून बाहेर येणार हे धरून. पाच-दहा डॉलरची क्लॉक जनरेटर चिप फ्रिक्वेन्सी अचूक देईल, पण रेघेच्या कडा पुन्हा विसविशीत होऊ शकतात.

रुबिडियमचं आकर्षण सगळ्यांना असतं. रुबिडियम-८७ च्या ६,८३४.६८ मेगाहर्ट्झच्या संक्रमणाला क्रिस्टल जखडलेला असतो, त्यामुळे दिवस-आठवड्यांची स्थिरता क्रिस्टलच्या पुष्कळ पुढे जाते. भारतानं २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या ‘नाविक’ दिशादर्शन मालिकेतल्या उपग्रहात देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. याच मालिकेतल्या आधीच्या आयआरएनएसएस-१ए वरची आयात केलेली रुबिडियम घड्याळं बंद पडल्यावर त्या उपग्रहाचा दिशादर्शनासाठी उपयोग उरला नव्हता, इतकं सगळं या एका भागावर अवलंबून असतं. पण टेबलावरच्या रुबिडियमचा फेज नॉइज शेवटी त्याच्या आतल्या क्रिस्टलचा असतो, आणि बहुतेक वेळा तो चांगल्या ओसीएक्सओपेक्षा वाईट निघतो. स्वच्छ सिग्नल हवा म्हणून रुबिडियम घेऊ नये.

घ्यायचाच असेल तर त्यातला दिवा झिजणारी वस्तू आहे हे ध्यानात ठेवा. एलपीआरओ-१०१ सारख्या जुन्या युनिटवर दिव्याचा व्होल्टेज बघायची वेगळी पिन असते. विक्रेत्याकडून युनिट चालू करून तासाभरानं घेतलेलं त्या पिनेचं रीडिंग आणि लॉक झाल्याची खूण, दोन्ही एकाच फोटोत मागा. ओसीएक्सओ घेताना कंट्रोल व्होल्टेजच्या मधोमध फ्रिक्वेन्सी किती आहे ते विचारा. क्रिस्टल म्हातारा होऊन ट्रिमच्या टोकाला पोचला असेल तर तो पुढे १० मेगाहर्ट्झवर आणताच येणार नाही.